आत्याबाईंचा प्रश्न

भीमनगरातली करुणा घरीच ब्लाउज शिवायची आणि शिवता शिवता मोबाइलवर स्वतःला सुधारण्याचे व्हिडिओ ऐकायची. त्यातूनच तिनं पहाटे उठायची, चार पानं वाचायची, ध्यानाला बसायची सवय लावून घेतली होती.

तिची सासू मुक्ताबाई, जिला ती आत्याबाई म्हणायची, मात्र हळूहळू सगळं विसरत चालली होती. नवरा जाऊन वर्षं लोटली, तरी लेकाचं नाव घेऊन घडोघडी विचारायची, "सम्यकचे बाबा आले का गं?"

एका सकाळी करुणा डोळे मिटून बसली असताना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आला आणि तिचा तोल सुटला.

"आत्याबाई, ते वारले! कितीदा सांगू? मला जरा शांत बसू द्या की!"

मुक्ताबाईला ही बातमी नवीनच होती. ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. ते बघून करुणा हादरलीच.

रविवारी बुद्धविहारात तिनं भन्तेजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "साऱ्या जगाचं भलं चिंतत मैत्री भावना करता ना? आता जो समोर बसलाय, त्याच्यापासून सुरू करा."

घरी येताना तिला व्हिडिओतलं आठवलं: नवी सवय रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधा. मग आत्याबाईंच्या प्रश्नालाच बांधली तर? प्रश्न आला की मशीन थांबवायची, सावकाश श्वास घ्यायचा, मगच बोलायचं.

पण बोलायचं काय? 'येतील' म्हणावं तर खोटं, पंचशीलातलं शील मोडतं. खरं सांगावं तर म्हातारी पुन्हा रडणार. सुरुवातीला ती कैकदा अडखळली, दोनदा चिडलीही. मग एकदा सहज तोंडून निघालं, "आठवण आली व्हय त्यांची? कसे होते हो?"

मुक्ताबाईचा चेहरा खुलला. "लई हौशी! लग्न झाल्या झाल्या मला सायकलवर बसवून लेणी दाखवायला नेलं. लोक हसायले, अन् ह्यांना काय नाय त्याचं!"

करुणाही हसली. त्या घरात आल्यापासून सासऱ्यांबद्दल एवढं तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

परवा दुपारी ती सासूच्या केसांना तेल लावत होती. मुक्ताबाई मान वळवून तिच्याकडे बघत राहिली.

"तू कोणाची गं, पोरी?"

करुणाचा तेलाचा हात थांबला. तिनं श्वास घेतला.

"तुमचीच."

"मंग जाऊ नको," मुक्ताबाई म्हणाली आणि वेणी घालून घ्यायला तिच्याकडे पाठ करून बसली.