सांगलीच्या हळद गोदामातलं उघडं पेव

उशीर झाला, माफ करा. सांगलीहून येऊन तीन आठवडे झाले, पण लिहायला बसलं की राग येतो आणि कागद बाजूला ठेवतो. सातवी शिकलेला माणूस मी, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

जुन्या हळद गोदामाचं लोकांसाठी मोकळं अंगण केलंय, असं बापू फोनवर म्हणाला. बापू माझा हमालीतला जोडीदार. त्याच गोदामात आम्ही पोती वाहिली. सकाळच्या एसटीनं साताऱ्याहून निघालो. कराडला वडापाव खाल्ला आणि सांगलीपर्यंत पोटाची काळजी करत बसलो. तुम्ही घरून भाकरी न्या. स्टँडवर बापू भेटला, पुढं रिक्षा केली.

आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दगडी भिंती तशाच, झाडाखाली कट्टे, तिकीट नाही. जिथं कामावरच्या बायकांना घटकाभर टेकू देत नव्हते, तिथं बायका निवांत भडंग खात बसलेल्या.

मग मागं गेलो. तिथं हळद साठवायचं पेव आहे, म्हणजे अरुंद तोंडाची, दोन पुरुष खोल जमिनीतली कोठी. त्यात शिडी लावलेली. पाटी होती, ‘आत उतरून बघा’. शाळेच्या पोरी रांगेत उभ्या.

"झाकण कवा काढलं?" मी रखवालदाराला विचारलं.

"आत्ताच की. रात्री लावतो, सकाळी काढतो."

"कंदील सोडला व्हता का?"

"आत लाईट हाय, आजोबा!"

माझं डोकंच फिरलं. पेव दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही, आत कोंडलेली हवा माणूस मारते. आमच्यात हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. एकदाच घाई झाली आणि बापूचा थोरला भाऊ खाली कोसळला, तो उठलाच नाही.

मी पेवाच्या तोंडावर आडवा बसलो.

"आवं उठा की, लोकं बघत्यात!" रखवालदार म्हणाला.

"बघू देत! ह्याचा भाऊ असाच गेलाय!"

बापू जवळ आला. "गड्या, सरक जरा," एवढंच म्हणाला आणि शेजारी बसला.

अंगणाची व्यवस्था बघणारे साहेब आले, गोड हसले. "बाबा, तुमच्या आठवणी रेकॉर्ड करू या." झाकणाला कुलूप लावा म्हटलं, तर हे आठवणी मागतात! शेवटी आमच्यासमोर झाकण लावलं. कुलपाचं मात्र "मीटिंगमध्ये ठेवतो" म्हणाले.

जागा चांगली आहे, जरूर जा. त्या कट्ट्यांवरची सावली अजून आठवते. पण रोज सकाळी झाकण काढायची वेळ झाली की घरात घड्याळाकडं बघत बसतो. बापूचे गुडघे सुजलेत, त्याला जाववत नाही. सांगलीत कुणी असाल तर एकदा मागच्या बाजूला जाऊन या. झाकण बंद आहे का, तेवढं लगेच कळवा. उघडं दिसलं तर आधी पोरींना अडवा, मग कळवा.