काठावर कोरलेलं नाव

चळवळीतल्या फरारी पोरांना आसरा दिला म्हणून सरकारने साऱ्या गावावर दंड बसवला, आणि तो भरायचा नाही असं गावाने ठरवलं. माझे वडील पलटणीत असल्यामुळे आमच्या घराला दंड माफ होता. म्हणून शेजारच्या काकीने जप्तीच्या आदल्या दिवशी आपला लग्नातला तांब्याचा हंडा आमच्या माजघरात आणून ठेवला.

"तुजा बा सरकारचाच मानूस. हितं कोन हुडकतंय?" असं म्हणून ती हसली.

मी पाचगणीच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले होते. दुसऱ्या दिवशी लपवलेली भांडी हुडकत गोरा साहेब थेट माजघरात आला. हंड्याच्या काठावर कोरलेल्या नावाला छडी लावून, हे नाव कुणाचं, असं त्याने मला इंग्रजीत विचारलं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं आणि सोबतचे पोलीस अंगणात होते. मी वडिलांचं नाव सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण शाळेत विचारलं की खरं उत्तर द्यायचं, एवढंच मला येत होतं. मी काकांचं नाव वाचलं, तेही स्पष्ट उच्चारात.

पोलिसांनी हंडा गाडीत टाकला. काकी दारातच होती.

"लय शिकलीस गं," ती हळूच म्हणाली.

चावडीपुढे लिलाव झाला, तेव्हा आईने हंडा सोडवायला पैसे काढले होते. पण जप्तीच्या मालावर गावातल्या कुणी बोली लावायची नाही, हेही गावाचंच ठरलेलं होतं. काकीनेच आईचा हात धरून तिला मागे ओढलं. हंडा परगावच्या व्यापाऱ्याने नेला.