खालच्या मंडळींची भाकरी

परीक्षेच्या दिवसांत कोणीही समोर आलं की मामा त्याच्या पोटाकडे बोट दाखवून विचारायचे, "काय म्हन्ती खालची मंडळी?"

खालची मंडळी म्हणजे मोठ्या आतड्यातले जीवाणू. मामा परभणीच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. काचेच्या बशा धुता धुता त्यांनी सरांचं एकच व्याख्यान वर्षानुवर्षं ऐकलं होतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पगार एका कामाचा आणि जीव दुसऱ्याच कामात.

"चोथा खाली पोचतो," मामा सांगायचे. "मंडळी त्याला आंबवतेत आन् एक आम्ल बनवतेत. त्याच्यावर आतड्याचं अस्तर जगतं. पोट निवांत, तर डोकं निवांत."

शेवटचं वाक्य सरांचं नव्हतं. मी भीत भीत विचारलं, "मामा, हे पुस्तकात कुठंय?"

"यायचंय आजून."

त्या आम्लाचं नाव ब्युटिरिक. एकदा त्याची बाटली हुंगताना दोन थेंब माझ्या सदऱ्यावर सांडले. खवट तूप आणि ओकारी यांच्यामधला तो वास तीन धुण्यांत गेला नाही. होस्टेलच्या पोरांनी माझी खाट व्हरांड्यात काढली.

"आता तरी नाव इसरनार न्हाईस," मामा म्हणाले.

विसरणं हेच माझं दुखणं होतं. चुडाव्यातल्या आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नाव विचारलं, तर मला स्वतःचं नावही आठवेना. नापास झालो. आता दुसऱ्यांदा तसं झालं तर कॉलेज सुटणार होतं. वडिलांनी तसं सांगूनच ठेवलं होतं.

फेरपरीक्षेच्या सकाळी मी नुसत्या चहा-बिस्किटांवर प्रयोगशाळेबाहेर बसलो होतो. मामांनी डबा उघडला. कालची ज्वारीची भाकरी ताकात कुस्करलेली, सोबत अंबाडीची भाजी.

"खा. शिळी लवकर पचत न्हाई, म्हनून खालपर्यंत पोचती."

माझा हात पुढे जाईना. सांगायला लाज वाटते. मामा बौद्ध होते. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादानं गावं फुटली होती, आणि आमच्या घरी त्यांच्या हातचं खात नसत. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलंच.

"खालच्या मंडळीनं आजवर भाकरी कोन्या घरची, असं इचारलं न्हाई. तू कामून इचारायलास?"

मला हसू फुटलं, आणि हसता हसता हात डब्यात गेला. डबा मीच संपवला. मामांनी कॅन्टीनची भजी खाल्ली आणि "मंडळी लय नाराज हाय" म्हणत दिवसभर ढेकर दिले.

परीक्षकांनी आतड्यात तयार होणारं एखादं मेदाम्ल विचारलं. मला तो सदरा आठवला. "ब्युटिरिक!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की ते दचकले. पुढचं सगळं आपोआप आलं.

एका भाकरीनं तासाभरात डोकं चालत नाही, हे आता मला कळतं. पण ते आम्ल सूज शमवतं, मेंदूची राखण करायला मदत करतं, असं हल्ली वाचायला मिळतं. पुरावा बराचसा उंदरांवरचा आहे. मामांना तेवढाही पुरला असता.

पास झालो तेव्हा मामा म्हणाले, "तुझ्या मायच्या हातची भाकरी कवा खाऊ घालतोस?"

"या की, दिवाळीला."

"बरं. मंडळीला सांगून ठिवतो."

दिवाळीत आईला विचारायचं मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा भलतंच बोललो. सुट्टी संपल्यावर मामांनी तो विषय काढला नाही. पुढे ते निवृत्त होऊन पिंगळीला, आपल्या गावी गेले.

बऱ्याच वर्षांनी मी पिंगळीला पोचलो, तेव्हा फार उशीर झाला होता. दारात मामी होत्या. मी कोण, ते सांगितलं.

"ते गेले की रं पोळ्याच्या आधी," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून आत वळल्या आणि मी काही बोलायच्या आत माझ्यापुढे ताट आलं.