पिवळ्या फेजवर सात घरं

"ताई, परत मेला," ग्लोरिया फोनवर म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. तीन चाळीसला. फाईल निम्मी गेली होती."

"लाईट गेली होती का?"

"नाही हो. पंखा डोक्यावर फिरतोय."

त्या आठवड्यातला हा तिसरा फोन, आणि तिन्ही वेळा आमचं बोलणं जवळजवळ असंच झालं होतं. मी मुंबईच्या ऑफिसात माझ्या टेबलापाशी, ती गिरीजला आईवडिलांच्या घरी, आणि मेलेला म्हणजे तिच्या घरातला फायरवॉल. तो मीच बसवला होता. त्यामुळे तो मेला की फोन मलाच यायचा, ते बरोबरच होतं.

फायरवॉल म्हणजे इंटरनेट आणि घर यांच्यामध्ये बसवलेला रखवालदार. आत काय यायचं, बाहेर काय जायचं, हे तो ठरवतो. ग्लोरियाचा फायरवॉल म्हणजे माझ्या ऑफिसने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर होता. मी त्यात लिनक्स घातलं, तिच्या घरातल्या लाकडी कपाटावर तो ठेवला आणि शेजारी एक चांगल्यापैकी यूपीएस बसवला. यूपीएसमधून एक केबल फायरवॉलमध्ये जायची. लाईट गेली की यूपीएस बॅटरीवर जायचा आणि तसं केबलवरून कळवायचा. फायरवॉलमधलं एक छोटं सॉफ्टवेअर ते ऐकत बसायचं आणि बॅटरी संपत आली की सगळं नीट आवरून मशीन बंद करायचं. ग्लोरियाच्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी होती, त्यामुळे तो चालू राहायचा. पण फायरवॉल बंद म्हणजे इंटरनेट बंद.

एखाद्या घरात एवढा थाटमाट कशासाठी, असं कोणालाही वाटेल. ग्लोरिया आणि मी आधी एकाच ऑफिसात होतो. नंतर ती अंधेरीच्या एका कंपनीत मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनला लागली. तिकडे अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल रेकॉर्ड करून ठेवतात, आणि इकडे आपली मुलं कानाला हेडफोन लावून ते टाईप करतात. त्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या आईचं, मार्था आंटींचं, मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडलं. घरात म्हातारे वडील एकटे. ग्लोरियाने घरून काम मागितलं, आणि कंपनीने मेहेरबानी केल्यासारखं दिलं. अट एकच होती, पेशंटची माहिती आहे म्हणून घरात फायरवॉल पाहिजे. दुसरी अट सुपरवायझर मॅडमची, दुपारची फाईल चारच्या आत पाहिजे.

एप्रिलपासून ती चारच्या आत जाईना. परवाच मॅडमनी सांगितलं होतं, "शुक्रवारपासून एक जरी फाईल लेट झाली, तर घरचं काम बंद. ऑफिसला या, नाहीतर दुसरं बघा." आंटींना कुशीवर वळवायलासुद्धा माणूस लागत होतं. ग्लोरिया ऑफिसला जाऊ शकत नव्हती, आणि घरात पगार तिचा एकटीचाच होता.

मी तोवर काय काय केलं होतं ते सांगते, म्हणजे माझी हुशारी कळेल. दर रविवारी सकाळी मी बोळिंजहून स्कूटरने गिरीजला जायची. यूपीएसचा प्लग भिंतीतून काढायची. यूपीएस बॅटरीवर जायचा, सॉफ्टवेअर तसं सांगायचं, प्लग परत लावला की 'लाईट आली' म्हणायचं. सगळं ठणठणीत. मग बॅटरी बदलली. मग केबल बदलली. सॉफ्टवेअरचं बाड तपासलं, म्हणजे लॉग, त्यात रोज दुपारी एकच रड: लाईट गेली, लाईट आली, लाईट गेली, बॅटरी संपली. आणि घरातली माणसं शपथेवर सांगत होती की लाईट होती. मग मी ठरवलं की यूपीएस खोटं बोलतोय. सॉफ्टवेअरला बजावलं, तो काहीही म्हणाला तरी लक्ष देऊ नकोस.

याचा परिणाम त्या बुधवारी, म्हणजे या तिसऱ्या फोनच्या दिवशी दिसला. आधी मशीन निदान रीतसर आवरून बंद व्हायचं. आता बॅटरी संपताच ते काम करता करताच कोसळलं, आणि पुन्हा चालू झाल्यावर डिस्क तपासत बसलं ती अर्धा तास. फाईल पाचला पोचली.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "सर, उद्या रजा हवी."

"घरी कोणी आजारी?"

"फायरवॉल."

"कुठल्या क्लायंटचा?"

"क्लायंट नाही. मैत्रीण आहे."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "घे," म्हणाले. "पण अर्जात कौटुंबिक कारण लिही."

गुरुवारी मी पहिल्यांदाच तिथे दुपारची होते. पास्कल अंकलनी, म्हणजे ग्लोरियाच्या वडिलांनी, आल्या आल्या शहाळं हातात दिलं. तीस वर्षं कारखान्यात वायरमन होते ते. आता वाडी बघायचे, केळी आणि थोडी भाजी. घरात ती माणसं आपल्या बोलीत बोलायची, त्यातलं मला निम्मंच कळायचं. माझ्याशी मात्र अंकल शाळेत शिकवल्यासारखं सावकाश, स्वच्छ मराठी बोलायचे.

मी सॉफ्टवेअरवरची माझी बंदी उठवली. शिवाय एक गोष्ट केली, जी महिनाभरापूर्वीच करायला हवी होती. यूपीएसला भिंतीतून किती व्होल्ट येतात हे तो सांगू शकत होता. मी डिस्क लहान आहे म्हणून ते लिहून ठेवणं बंद केलं होतं. आता दर मिनिटाचा आकडा स्क्रीनवर यायला लागला. आपल्याकडे घरात दोनशे तीस व्होल्ट असावेत असा नियम. एकशे ऐंशीच्या खाली गेलं की हा यूपीएस त्याला लाईट मानत नाही, बॅटरीवर जातो, आणि एकशे नव्वदच्या वर आल्याशिवाय परतत नाही.

तीनच्या सुमाराला लाईट गेली. ग्लोरियाने हेडफोनही काढला नाही. बाहेर ओटीवर अंकलच्या चपला वाजल्या, काहीतरी खटकन फिरलं आणि लाईट आली.

"बाबांनी आणली," ग्लोरिया म्हणाली.

"आणली म्हणजे?"

"फेज बदलली."

मी बोळिंजच्या बिल्डिंगमध्ये राहणारी. आमच्याकडे लाईट गेली की गेली, माणसं खाली येऊन गप्पा मारतात. वाडीवाल्यांचं तसं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. विहिरीवरच्या पंपासाठी त्यांच्याकडे तीन फेजचं कनेक्शन असतं. फेज म्हणजे खांबावरून येणाऱ्या तीन वेगळ्या तारा. लाल, पिवळी, निळी अशी त्यांची नावं. घर त्यातल्या एकीवर चालतं. उन्हाळ्यात सगळे पंप एकदम चालू झाले की एखाद्या फेजचा फ्यूज उडायचा. मग ओटीवरचा गोल मुठीचा स्विच फिरवायचा आणि घर दुसऱ्या फेजवर न्यायचं. हे त्या घरात इतकं रोजचं होतं, की ते मला सांगण्यासारखं आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. लाईट गेली होती का विचारलं की उत्तर 'नाही', कारण अंकल ती मिनिटात परत आणायचे.

स्क्रीनवर दोनशे बारा. यूपीएस खूश. मीही खूश, पण जेमतेम पाच मिनिटं. आकडा एकशे शहाण्णव झाला. मग एकशे अठ्ठ्याऐंशी. मग एकशे चौऱ्याहत्तर, आणि यूपीएस बॅटरीवर गेला. दिवे लागलेले होते, पंखा फिरत होता.

"पंखा दमला," खाटेवरून मार्था आंटी म्हणाल्या. "आता पोरीचं बंद पडणार."

"आंटी, रोज असंच होतं?"

"रोज. पोरीला सांगते, तिच्या कानात ती बोंडं. ह्यांना सांगते, ते म्हणतात तुला भास होतो. बाई, दिवसभर उताणी पडलेय मी. पंख्याशिवाय दुसरं बघायला आहे काय मला?"

मी महिनाभर केबली बदलत होते आणि व्होल्टमीटर खाटेवर पडून होता. मला मनापासून लाज वाटली. मी उठून ओटीवर गेले.

अंकल मीटरपाशी उभे होते, चांगलं काम केल्याच्या चेहऱ्याने. छपराखाली नाताळच्या चांदणीतले तीन रंगीत झिरोचे बल्ब ओळीने टांगलेले. त्यातला पिवळा चालू होता.

"अंकल, हा बल्ब दिवसाढवळ्या कशाला?"

"गल्लीला समजायला. लाईट गेली की मी बघतो कुठली फेज जिवंत आहे, आणि तो बल्ब लावतो. मग सगळे त्या फेजवर येतात. त्यांना कुठे कळतं त्यातलं?"

"सगळे म्हणजे किती?"

"सात घरं. आमचं धरून."

"सातही पिवळ्यावर?"

"मी पिवळ्यावर आहे ना."

"निळीला पण लाईट आहे का?"

"आहे की."

"मग निळीवर कोण आहे?"

अंकलनी मान वर करून निळ्या बल्बाकडे बघितलं. तीस वर्षांचा वायरमन, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. एका तारेवर सात घरांचे पंखे, फ्रिज, दोन ठिकाणी कूलर. पाच मिनिटांत सगळे आले की ती तार कशी टिकणार? बल्ब लागतो म्हणजे लाईट आहे, एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. यूपीएसचं भागत नव्हतं.

ते बाकावर बसले. "म्हणजे पोरीचं काम मीच बंद पाडत होतो," ते म्हणाले.

मला ते बघवेना. मी घाईने तोडगा काढला. "अंकल, सोपं आहे. उद्यापासून बल्ब थोडा उशिरा लावा. ग्लोरियाची फाईल जाऊ दे, मग लावा. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

मी त्यांना चोरी करायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "समोर फिलोमिनाचं बाळ दीड महिन्याचं आहे. मी पंख्याखाली बसू आणि बल्ब विझवून ठेवू?"

ग्लोरिया दारात येऊन उभी होती. तिनेही वडिलांना बल्ब विझवा म्हटलं नाही. त्या क्षणी ती दोघं मला फार आवडली.

"किती घरं चालतील एका फेजवर?" अंकलनी विचारलं.

महिनाभरात कोणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता, आणि तो मी विचारायला हवा होता. आम्ही मोजून बघितलं. अंकल एकेका घरी गेले, स्विच निळ्यावर फिरवायला लावला, आणि मी खिडकीतून आकडा ओरडून सांगत राहिले. तीन घरं निळीवर गेल्यावर आमच्याकडे एकशे पंच्याण्णव झाले. यूपीएसने लाईट आली असं जाहीर केलं. संध्याकाळी अंकलनी परत घरोघरी जाऊन कोणी कुठल्या फेजवर यायचं ते ठरवून दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शुक्रवारी मी ऑफिसात होते, पण तीन वाजल्यापासून माझ्या स्क्रीनवर गिरीजचाच फायरवॉल होता. दुरून आत शिरायची सोय मी ठेवली होती. तीन बाराला यूपीएस बॅटरीवर. तीन तेराला दोनशे दहा. म्हणजे अंकलनी फेज बदलली. मग एकशे सत्त्याण्णव, एकशे ब्याऐंशी, एकशे बहात्तर. परत बॅटरी. माना डोलावलेल्या सगळ्या घरांचे हात सवयीने पिवळ्यावरच गेले होते. बॅटरी पंचवीस मिनिटांची, आणि ग्लोरियाची फाईल साडेतीनला सुटायची होती. ती जायला वीसेक मिनिटं लागायची.

फोन करावा म्हणून मी हात पुढे केला, तेवढ्यात आकडा हलला. एकशे शहात्तर. थोड्या वेळाने एकशे ब्याऐंशी.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "काय बघतेस?"

"अंकल घरोघरी फिरतायत, सर."

"कुठे?"

"हे काय, इथे." मी आकड्यावर बोट ठेवलं.

साहेब खुर्ची ओढून बसले. पुढे चार मिनिटं आकडा हललाच नाही. कोणाच्या तरी दारात अंकलना पाणी प्यायला थांबवलं असणार, आणि ते नाही म्हणणारे नव्हते. मग एकदम एकशे एक्क्याण्णव. 'लाईट आली', सॉफ्टवेअरने लिहिलं. पाठोपाठ एकशे सत्त्याण्णव, आणि तिथेच ठरला. तीन एक्कावन्नला ग्लोरियाचा मेसेज आला: गेली.

सुपरवायझर मॅडमकडून ना शाबासकी आली, ना तक्रार. फाईल वेळेत आली तर त्यांच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं. ग्लोरिया पुढे दोन वर्षं घरूनच काम करत राहिली, आणि त्या उन्हाळ्यात तो फायरवॉल परत मेला नाही.

नंतर मी मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळले, खोलीभर यूपीएस सांभाळले. नवीन मुलांना मी दोनच गोष्टी सांगायची. मशीन लाईट नाही म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. आणि घरातलं माणूस लाईट आहे म्हणालं, तर ती कोणी आणली ते विचारा.