इथे झोपतो तो इथला

आमच्या वहिनींना हळू बोलता येत नाही. हा स्वभावाचा दोष नाही, नोकरीचा आहे. ऐन तारुण्यात त्यांनी गोदीत जहाजांना रंग दिला. शेजारी दिवसभर लोखंडावर घण पडायचे, त्यामुळे पलीकडच्या फळीवरच्या बाईला ‘डबा खायचा का’ एवढं विचारायलाही बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. गोदी बंद पडली, घण थांबले, आवाज मात्र राहिला. मी खालच्या मजल्यावर शिवणकाम करतो. वर दूध उतू गेलं की मला खाली बसून कळतं. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, लग्नानंतर आठवड्याभरात गप्प झाला तो आजतागायत. त्याला बोलायची गरजच पडली नाही.

त्या ओसाड गोदीवर हॉटेलं, कचेऱ्या आणि पाण्याकाठी फिरायला लांबलचक धक्का होणार, असं ठरलं. जमीन नगरपालिकेने कवडीमोलाने दिली, पाण्याकडची भिंत सरकारी पैशातून, वर करात सूट. नगरपालिकेच्या सुनावणीला बांधकाम कंपनीचे साहेब आले. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. कारंजी होती, कुत्री फिरवणारी माणसं होती. वहिनी उभ्या राहिल्या. माईक घेऊन धावणाऱ्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

“चित्रात काम करताना कोणीच दिसत नाही. कामाला कोण असणार?”

“स्थानिकांना प्राधान्य देऊ ना, मावशी.”

“प्राधान्य म्हणजे किती? दहात किती?”

साहेब हसून म्हणाले, “आकड्यांत कशाला अडकायचं?”

“सूट घेताना आकडे चालले की तुम्हाला!”

सभागृह खो-खो हसलं. पण नुसतं हसून पदरात काही पडत नाही, हे वहिनींना ठाऊक होतं. पुढच्या प्रत्येक सुनावणीला त्या पहिल्या रांगेत, त्याच खुर्चीत, तोच प्रश्न घेऊन हजर. साहेब आत येण्याआधी ती खुर्ची बघून घ्यायचे. शेवटी करारात कलम आलंच. दहांतले तीन कामगार गोदीच्या गल्ल्यांतले, नाहीतर सवलतीचा पुढचा हप्ता अडणार.

मग साहेबांनी नवा फाटा फोडला. स्थानिक म्हणजे कोण? पत्ता काय, आत्याचाही देता येतो. वहिनींनी एका वाक्यात निकाल लावला. “जो इथे झोपतो तो इथला.” नगरपालिकेच्या अधिकाऱ्याने ते ‘किमान तीन महिने वास्तव्य’ असं जड करून लिहिलं, पण गल्लीत वहिनींचंच वाक्य चाललं. तपासणीला तिघांची समिती नेमली. अधिकारी, साहेब आणि वहिनी.

आता वहिनींच्या मुलीविषयी सांगायला हवं. पोरगी वेल्डर. हात सोन्याचा, जीभ आईची. “तुझ्या आवाजात मला माझा विचारच ऐकू येत नाही,” असं म्हणून ती वर्षापूर्वी पुलापलीकडे खोली घेऊन राहायला गेली. तेव्हापासून मायलेकींचा अबोला. वहिनी वरून कठोर, पण तिच्या खाटेवरची चादर वेळच्या वेळी बदलायच्या. मला मात्र विचारायच्या, “तुमच्या पुतणीचा फोन आला होता का?” तुमच्या पुतणीचा! जणू त्यांची ती कोणीच नव्हे.

धक्क्याच्या कठड्यांचं काम निघालं तेव्हा तिने अर्ज केला आणि पत्ता आईचा दिला. शाळेच्या एका वर्गात समिती बसली होती. मागच्या बाकावर मीही होतो. पत्ता वाचून साहेबांचा चेहरा खुलला. “अहो, ही तर तुमचीच कन्या! हिचं काय तपासायचं?” साहेबांचीही काही माणसं उसन्या पत्त्यांवर आली होती. वहिनींनी इथे डोळेझाक केली की त्यांचीही वाट मोकळी होती.

वहिनींनी लेकीकडे पाहिलं. “मुलगी माझी आहे. झोपते मात्र पुलापलीकडे. नाही.”

हे त्या इतक्या हळू बोलल्या की अधिकाऱ्याला पुन्हा विचारावं लागलं.

पोरगी ताडकन उठून निघून गेली. साहेबांची माणसंही बाद झाली आणि त्या जागा गल्लीतल्यांना मिळाल्या. मी मात्र भडकलो होतो. घराच्या जिन्यातच म्हणालो, “वहिनी, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! स्वतःच्या पोरीच्या पोटावर पाय?”

“भावजी, तिला सोडलं असतं तर उद्या कोणत्या तोंडाने दुसऱ्याला अडवू?” त्या पायरीवर बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. “पण आता ती कसली येतेय घरी! उरलीसुरली आशा होती, तीही गेली.”

माझा राग तिथेच विरला. दुसरी भरती साडेतीन महिन्यांवर होती, पण त्याचं तेव्हा कोणाला सुचणार?

सुचलं ते पोरीला. त्याच रविवारी गल्लीत टेम्पो थांबला. त्यात ट्रंक, वळकटी आणि सगळ्यात वर वेल्डिंगचं हेल्मेट. ती रस्त्यावरूनच ओरडली आणि पटापट खिडक्या उघडल्या.

“आई! नोकरीसाठी आलेय, तुझ्यासाठी नाही!”

“मग पाय पुसून वर ये!”

“आली,” दादा म्हणाला आणि ट्रंक उचलायला अनवाणीच धावला.

पुढचे तीन महिने माझे मलाच माहीत. सकाळी टॉवेलवरून, रात्री पंख्यावरून, मधल्या वेळी स्वयंपाकघरातल्या बुटांवरून दोघींची जुंपायची. आणि दोघींचा गळा एक! कानांत बोळे घालून मी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाचा खिसा पाठीवर शिवला.

दुसऱ्या भरतीत पोरीचं नाव पुकारलं तशा वहिनी खुर्ची सोडून बाजूला झाल्या. “माझ्या घरातलं मी ठरवणार नाही.” साहेबांना मागचं उट्टं काढायचंच होतं. “ही खरंच तिथे झोपते, याला साक्षीदार कोण?”

मी उभा राहिलो. “साहेब, मी यांच्या खालच्याच मजल्यावर राहतो. हिचा काका आहे, म्हणून माझं ऐकू नका, गल्लीत कोणालाही विचारा. मायलेकी मध्यरात्रीपर्यंत भांडतात आणि मग ढाराढूर झोपतात. तीन महिने माझा डोळ्याला डोळा नाही. ‘इथे झोपतो तो इथला’ या नियमाने बघाल तर ही पोरगी पक्की इथली. मीच इथला उरलो नाही!”

मागच्या बाकांवरून “खरंय, खरंय!” असा एकच गलका झाला. अधिकारी हसत सुटला. साहेबांनी मुकाट्याने सही केली.

शाळेच्या फाटकापर्यंत वहिनी भराभर चालत आल्या. तिथे थांबून त्यांनी माझा हात घट्ट धरला.

“भावजी, माझी पोरगी लागली हो कामाला!”

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. पण पुलापलीकडेही ऐकू गेलं असेल.