अण्णांचं स्पेन

मी अमेरिकेला निघाले त्या सकाळी अण्णा गाडीत बसलेच नाहीत. आई, मामा आणि माझ्या दोन बॅगा गाडीत, आणि माझे वडील सायकलवर. विमानतळाच्या काचेबाहेर उभं राहून हात हलवणं आपल्याला जमणार नाही, रेल्वे फाटकापर्यंत येतो, असं त्यांनी आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं. लोणंदच्या त्या रस्त्यावर ते आमच्या पुढे, आणि हॉर्न द्यावा की नाही या पेचात पडलेला ड्रायव्हर मागून रांगत. फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत अण्णा माझ्या खिडकीवर हात टेकून उभे राहिले. फाटक उघडलं तेव्हा एवढंच म्हणाले, "हो पुढं. मी आहे मागं."

हे वाक्य मला नवीन नव्हतं. अण्णा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नीरेच्या उजव्या कालव्याच्या कडेने सायकल दामटत पाणी कुठे फुटतंय, कुठे चोरीला जातंय ते बघायचं, हे त्यांचं काम. त्याच कालव्याच्या भरावावर त्यांनी मला सायकल शिकवली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, पडायचं तरी कुठे? कॅरिअरवरचा हात त्यांनी कधी काढून घेतला ते मला कळलंच नाही, आवाज मात्र येत राहिला, हो पुढं, मी आहे मागं. मोठी झाल्यावर सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं सालपे घाट चढायला जायचो. मी नेहमी पुढे. माथा आला की थांबायचं वगैरे माझ्या गावी नव्हतं, मी सरळ उताराला लागायची आणि खाली चहाच्या टपरीवर त्यांची वाट बघायची.

स्टेट कॉलेज नावाच्या इथल्या गावात एमएस करायला आले, मग पीएचडी, मग इथेच नोकरी. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना पुढचं सांगायला नको: व्हिसाचं एक्स्टेन्शन, ग्रीन कार्डची रांग, गेलं तर परतीचा व्हिसा मिळेल का या स्टॅम्पिंगच्या धास्तीने कॅन्सल केलेली तिकिटं. जे तिकडे राहिलात त्यांना हे सगळं सबबी वाटतं. वाटणारच. मलाही कधीकधी वाटतं.

इथे सायकल घेतली ती बसला कंटाळून. पण गावाबाहेर पडले आणि अडकलेच. दोन्हीकडे लांबच लांब डोंगररांगा, मधल्या खोऱ्यात मका, एक ओढा आणि असे रस्ते की बराच वेळ एकही गाडी जात नाही. गेलीच तर जुन्या रीतीने राहणाऱ्या अमिश लोकांची काळी घोडागाडी, मागे दिवा लावलेली. शनिवारी सकाळी चक्कर मारून आले की मी अण्णांना फोन करायची, तेव्हा तिकडे संध्याकाळ असायची. त्यांचे प्रश्न ठरलेले. चढ केवढा, रस्ता कसा, ओढ्याला पाणी किती. जेवलीस का, हे आई मागून ओरडून विचारायची.

एकदा मी त्यांना सहज एक व्हिडिओ पाठवला. दोन म्हातारे स्पेनमधल्या डोंगरांत सायकल चालवतायत, एवढंच त्यात होतं. अण्णांना वेडच लागलं. हेर्ते नदीचं खोरं, चेरीच्या बागा, काबेसुएला नावाचं गाव, तिथून ओंदुरास नावाचा घाट चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं. टॅबलेटवर रस्त्याचे फोटो एकेक पुढे सरकवत त्यांनी तो अख्खा घाट घरात बसून चढला. आई म्हणायची, चहा गार झाला आणि हे अजून स्पेनमध्येच. मग बेत ठरला. इकडून मी यायचं, तिकडून त्यांनी, माद्रिदला भेटायचं. ना तुझं घर ना माझं, म्हणजे कुणी कुणाचा पाहुणा नाही, असं ते म्हणाले. मला तेव्हा ते फार आवडलं होतं, आणि थोडं लागलंही होतं.

आम्ही गेलो नाही. एका वर्षी माझी नोकरी बदलली, एका वर्षी कागद अडकले, मग सगळं जगच बंद पडलं. मग अण्णा बाजारातून घरी येताना वाट चुकले. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि आईने सायकलला कुलूप लावून किल्ली डाळीच्या डब्यात टाकली.

त्यानंतर काही महिन्यांनी आईचा फोन आला. आवाज अगदी खाली. अण्णा शेजारच्या काकांना सांगत होते, की आम्ही बापलेक स्पेनला जाऊन आलो. घाट चढलो, रस्त्याच्या कडेला एक अनवाणी बाई चेरी विकत होती, तिच्या तपकिरी कुत्र्याने आम्हाला वळणापर्यंत पळवलं. "खोडून काढलं की चिडतात, मग रडतात," आई म्हणाली. "मी काय करू, तूच सांग."

मी शहाणपणा केला. फोन अण्णांकडे द्यायला लावला आणि म्हटलं, "अण्णा, आपण गेलोच नव्हतो स्पेनला." ते चाचरत म्हणाले, "मग चेरी कुठं खाल्ली आपण?" एसटी चुकलेल्या माणसासारखा तो आवाज होता. त्या दिवसापासून मी पुन्हा कधी खोडलं नाही. हो अण्णा, चेरी गोड होती. हो, कुत्रा बेकारच होता.

पुढच्या जूनमध्ये एका शनिवारी मी खोऱ्यातल्या नेहमीच्या ठेल्यापाशी थांबले. अनवाणी अमिश बाई, चेरीचे डबे, पायाशी तपकिरी कुत्रा. हे सगळं मीच कधीतरी फोनवर अण्णांना सांगितलं होतं. त्यांच्या स्पेनमधल्या घाटात काळ्या घोडागाड्या होत्या, कडेला मका होता, मध्येच नीरेचा कालवाही होता. अण्णा स्पेनला गेलेच नव्हते. ते इथे येऊन गेले होते, माझ्याकडे, आणि मला पत्ता नव्हता. चेरीचा डबा हातात धरून मी रडले. ती बाई काही न विचारता आत गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली.

या हिवाळ्यात, स्टॅम्पिंगचं जे व्हायचं ते होवो म्हणून मी घरी गेले. अण्णा अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मला बघून जरा सावरून बसले आणि म्हणाले, "बसा. कुणाकडं आलात?"

मी बसले. आई दारात उभी राहिली होती, ती आत निघून गेली. मी म्हटलं, तुमच्याकडेच आलेय. अण्णांनी मान हलवली आणि पाहुण्यांना सांगावं तसं सांगायला लागले.

"मुलगी घाटात आहे आमची. पुढं गेलीय. मीच म्हटलं, हो पुढं."

"मग थांबली का ती?"

"थांबते की. माथ्यावर सायकल टेकवून उभी असते. मी पोचल्याशिवाय उतरत नाही."

मी एकदाही थांबले नव्हते. पण त्यांच्या चेहऱ्यावर जरासुद्धा काळजी नव्हती. मी म्हटलं, "हो, थांबलीय ती." अण्णा समाधानाने हसले आणि पाहुण्यांसाठी चहा टाक म्हणून आईला हाक मारली.

मी परत आले. लोणंदच्या घरात आता मला बसा म्हणतात, आणि इथल्या अपार्टमेंटला घर म्हणायची माझी अजून जीभ वळत नाही. अण्णांच्या घाटाच्या माथ्यावर जी मुलगी उभी आहे, तिच्यापाशी तेवढं माझं घर उरलंय. शनिवारी चढ संपला की मी सायकलवरून खाली उतरते, सायकल कठड्याला टेकवते आणि मागच्या रस्त्याकडे बघत उभी राहते. कुणी येणार नाही हे मला माहीत आहे. तरी थांबते.