वाटणाऱ्याने शेवटी घ्यावं

आमचे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तर्कशास्त्राचे मास्तर. उभा जन्म मुलींच्या कॉलेजात फळ्यापुढे गेला. स्वयंपाकघरात मीठ कुठे असतं हे त्यांना अजून कळलेलं नाही, पण न्याय म्हणजे काय असं कुणी चुकून विचारलं की चहा गार झालाच म्हणून समजा. अशा माणसाला राज्य उभारायला बसवल्यावर जे व्हायचं तेच झालं.

आमचा मुलुख मोठ्या देशातून वेगळा झाला तेव्हा नवी घटना लिहायला तीसेक माणसं निवडली होती. सभागृह कुठलं असणार? बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्यात बाकं टाकून ती बसत. भट्ट्या काढून नेल्या होत्या, पण भिंतींचा गोडसर वास जात नव्हता. भावजी तिथे येईल त्या कलमावर एकच प्रश्न विचारत, "आपण कुणाच्या पोटी जन्मणार हे ठाऊकच नसतं, तर कसलं राज्य मागितलं असतं?"

"मी आधी जेवणाची सुट्टी मागितली असती, मास्तर," असं एकदा बसड्रायव्हरांचे प्रतिनिधी म्हणाले. भावजींनी तेही कलम मांडलं.

पण गाजलं ते दुसरंच कलम, आणि ते आमच्या माहेरचं. लहानपणी कलिंगड आणलं की भांडणं नकोत म्हणून आईचा दंडक होता, जो कापेल त्यानं शेवटी घ्यायचं. ताईनं हे कधीतरी भावजींना सांगितलं आणि ते ताडकन उठून बसले. घटनेत आलं की सरकारात जो कुणी घरं, जागा, उपचार वाटेल, त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी सगळ्यांच्या शेवटी घ्यावं. पक्की प्रत ताईनं स्वतःच्या वळणदार अक्षरात काढली. आई असायला हवी होती, असं म्हणून रडलीसुद्धा.

लोकांनी कलम डोक्यावर घेतलं. खुर्च्या मात्र रिकाम्या राहिल्या. बायकामुलांचा धनी अशा खुर्चीवर बसेल कशाला? सडाफटिंग माणसं शोधायची वेळ आली. उपचार वाटपाच्या कचेरीत असाच एक सापडला, तर त्यानं वर्षाच्या आत लग्न केलं आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. मग सगळे म्हणाले, मास्तर, कलम तुमचं, आता खुर्चीही तुम्हीच धरा. धरली.

कचेरी एका जुन्या बँकेत होती. भावजी रोखपालाच्या जाळीमागे बसत आणि समोर फळ्यावर रांगेतली नावं. त्याच हिवाळ्यात ताई दाराच्या चौकटींना धडकायला लागली. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची तर लवकर कापायला हवं. डोळ्यांचा शस्त्रवैद्य अख्ख्या राज्यात एकच, आणि सीमेपलीकडचे दवाखाने तेव्हा आम्हाला बंद.

भावजींनी ताईचं नाव फळ्यावर सगळ्यांत खाली लिहिलं. दुसऱ्या दिवशी नवे रुग्ण आले. तिचं नाव पुसून त्यांच्याखाली लिहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कलिंगड संपतं हो, रांग कुठे संपते? एवढी साधी गोष्ट तीस शहाण्यांच्या डोक्यात आली नव्हती. मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना.

"राजीनामा द्या," मी म्हटलं.

"दिला तरी वर्षभर घरचे शेवटीच राहतात. पळवाट नको म्हणून मीच घातलंय ते."

"मग कलम बदला!"

"ज्याचा फायदा होणार त्यानं दुरुस्ती मांडायची नाही."

"हेही तुम्हीच घातलंय?"

मी शिवणकाम करते. बेतताना शिलाईत थोडं जास्तीचं कापड सोडावं लागतं, माणसाचं अंग वाढतं. यांनी सगळं अंगाबरोबर बेतलं होतं.

मी ड्रायव्हरसाहेबांकडे गेले. ते डेपोत टायर तपासत होते. मान हलवत म्हणाले, "बाई, अख्ख्या घटनेतलं एवढं एकच कलम लोकांना तोंडपाठ आहे. ते मोडायला मी उभा राहिलो तर उद्या बसमध्ये कुणी चढायचं नाही."

चैत्रात ताईचा उजवा डोळा गेला. ती तक्रार करत नव्हती, त्याचाच मला जास्त राग. दुपारी मी तिच्या डोळ्यात थेंब घालत होते, भावजी नुकतेच जेवायला आले होते. ती म्हणाली, "अगं, आपल्या आईचा नियम आहे. आपणच कसा मोडायचा?"

माझा तोल गेला. "आईचा नियम! दर वेळी कापायची कोण? आईच ना? तिच्या वाट्याला काय यायचं, आठवतं?"

ताई हळूच म्हणाली, "साल. सालीचं पांढरं खायची. मला वाटायचं तिला आवडतं."

भावजींच्या हातातला घास तसाच राहिला. मग ताट सारून ते उठले आणि चपला घालून निघाले. मीही मागोमाग गेले.

कारखान्यात सभा चालू होती. भावजी उभे राहिले आणि म्हणाले, "माझं कलम चुकलंय. मी न्यायाचा विचार करताना वाटणाऱ्याला माणसांत धरलंच नाही." अध्यक्षांनी त्यांना बसायला सांगितलं. नियमाला धरूनच सांगितलं. भावजी बसले नाहीत. नियम त्यांचाच, त्यामुळे वादही घालता येईना. नुसते उभे राहिले, आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

शेवटी मागच्या बाकावरून ड्रायव्हरसाहेब पुटपुटत उठले. "मांडतो मी. माझं यांच्याशी काही नातं नाही. होईल ते होईल." वाटणाऱ्यानं आणि त्याच्या घरच्यांनी आल्या क्रमानं घ्यावं, आधी नाही आणि मागेही नाही, एवढीच दुरुस्ती होती. चार मतांनी मंजूर झाली.

वरातीमागून घोडं. क्रमानं ताईचा नंबर कधीच उलटून गेला होता, म्हणून त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्यात समोरचं तेवढं राहिलं, कडेचं गेलं.

परवा मी कलिंगड घेऊन गेले. भावजींनी कापलं. एकही फोड वाटायच्या आधी त्यांनी मधली लालबुंद फोड बशीत घालून ताईच्या शेजारी ठेवली. मग मला दिली, मग स्वतः घेतली. आमचं खाऊन होत आलं तरी ताई हात मांडीवर ठेवून बसलेली.

"तू घे ना गं," मी म्हटलं.

"खा तुम्ही," ती हसून म्हणाली. "उरलं तर घेईन."

बशी तिच्या उजव्या हाताशी होती. भावजी उठले, त्यांनी ती उचलून तिच्या समोर ठेवली आणि तिचा हात धरून फोडीवर नेला.